सोलापुरातलं घर: ऊन, पाणी आणि ज्वारी धरून खोल्या कशा लावाव्यात?

पारिजात_जुळे

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापुरात रो-हाऊस घेतलंय. खाली हॉल, स्वयंपाकघर आणि सासू-सासऱ्यांची खोली, वर दोन खोल्या, त्यावर उघडी गच्ची. घरात सहा माणसं. फर्निचरचं काम अजून सुरू व्हायचंय. त्याआधी इथल्या जाणत्या लोकांना विचारावं असं मनात आलं.

दोघा डिझायनरांनी आराखडे दाखवले. काम सफाईदार होतं, त्यात वाद नाही. पण करड्या भिंती, टीव्हीमागं मोठं पॅनल, छताला पीओपी, स्वयंपाकघरात जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत शटर, हे बघून घर नेमकं कुठल्या गावातलं ते कळेना. सासूबाई गप्प बसून सगळं बघत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "ज्वारी कुठं ठेवायची?" मंगळवेढ्याकडून आमची वर्षाची दोन क्विंटल ज्वारी येते. आराखड्यात तिला जागा नव्हती. मग मला एकेक आठवत गेलं. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्याची सोय नव्हती. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला, गावाकडची दहा-बारा माणसं उतरतात, त्यांच्या अंथरुणांचा विचार नव्हता. आणि मे महिन्यात वरच्या खोल्यांत झोपायचं कसं, हे तर कुणी विचारलंसुद्धा नाही.

ज्यांनी सोलापुरात घर लावलंय त्यांनी आपापले अनुभव सांगावेत. फोटोत चांगलं दिसणारं नको, इथं बारा महिने राहता येईल असं हवंय.

रंधा

ताई, सुतारकाम आमचं वडिलांपासूनचं. लाकडाचं नंतर बोलू, आधी दिशा सांगा. वरच्या दोन खोल्यांपैकी पश्चिमेला कुठली?

विचारायचं कारण सांगतो. मेच्या मध्याच्या आसपास भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली जाते. त्यामुळं सगळ्यात जास्त ऊन भिंतीवर पडत नाही, गच्चीवर पडतं. दिवसभर तापलेला स्लॅब मग रात्री बारापर्यंत ती धग खाली सोडत राहतो. एसी लावला तरी तो आधी स्लॅबशीच झगडतो. म्हणून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणतो, पहिला पैसा गच्चीवर घाला. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅइक करून घेतलं तर वर्षानुवर्षं बघायला नको. तेवढं जमत नसेल तर दर मार्चमध्ये गच्ची धुऊन चुन्याचे दोन हात मारायचे. हे गिऱ्हाइकाला सांगितलं की माझंच काम थोडं कमी होतं, पण घर राहण्याजोगं होतं.

दुसरं म्हणजे पश्चिमेची भिंत. तिला पलंगाची डोक्याची बाजू कधीही लावू नका. त्या भिंतीला पूर्ण लांबीचं, दोन फूट खोल कपाट करा. कपड्यांनी भरलेलं कपाट उन्हाच्या आड एक जाड भिंत होऊन उभं राहतं. कपाटाची पाठ भिंतीला चिकटवायची नाही. बोटभर फट सोडून खाली-वर हवेला वाट ठेवायची, म्हणजे पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी प्लाय फुगत नाही.

पारिजात_जुळे

रंधादादा, मुलांची खोली पश्चिमेला आहे. आणि दोन्ही आराखड्यांत पलंग त्याच भिंतीला दाखवलाय. बरं झालं विचारलं.

मालदांडी

मी विजापूर रोडला राहते. बारा वर्षं झाली, घरातून कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. त्यामुळं स्वयंपाकघराबद्दल जरा सविस्तर लिहिते.

हल्ली ओटा सरसकट ३४ इंचांचा करतात. भाजी चिरायला, आमटीला ती उंची ठीक आहे. पण भाकरी थापताना वजन खांद्यातून खाली तळहातावर यावं लागतं. ३४ इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की तिचा काठ कोपराच्या जवळ येतो आणि सगळा जोर मनगटावर पडतो. रोज वीस भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे हात दोन वर्षांत दुखायला लागतात. माझे लागले होते. मग मी ओट्याच्या एका टोकाला अडीच फुटांचा तुकडा खाली घेतला, २७ इंचांवर. थापणं, मळणं, परातीचं सगळं काम तिथंच होतं. गॅस त्याच्या लगेच शेजारी, म्हणजे भाकरी हातावरून थेट तव्यावर जाते, मध्ये चालावं लागत नाही. सासूबाईंना बसून थापायची सवय असेल तर त्याच तुकड्याखाली मोकळी जागा सोडा. पाट-काटवट तिथं सरकवून ठेवता येतं, आणि पुढं कधी स्टूलवर बसून काम करायचं झालं तर गुडघ्यांना जागाही मिळते.

गॅस खिडकीच्या बरोबर समोर नको. मार्चनंतर वारा सुटला की ज्योत हलते आणि भाकरी एका बाजूनं कच्ची राहते. खिडकी बाजूच्या भिंतीला असावी. चिमणी घेणार असाल तर बाहेर नळकांडं सोडलेलीच घ्या. नुसती गाळून हवा परत खोलीत सोडणारी चिमणी तेलकटपणा थोडा धरते, पण उष्णता तिथंच ठेवते, आणि भाकरीच्या तव्यापुढं उभं राहणाऱ्याला खरा त्रास उष्णतेचाच असतो. बजेट नसेल तर गॅसच्या बाजूच्या भिंतीत, छताच्या जवळ साधा एक्झॉस्ट पंखा बसवा. माझ्याकडं तेवढाच आहे आणि पुरतो.

आता उखळ. शेंगाचटणी मिक्सरमध्ये होते, पण कुटलेल्या चटणीला जे तेल सुटतं ते मिक्सरला येत नाही. उखळ जमिनीवरच ठेवा. ओट्यावर ठेवून कुटलं की खाली आधार नसलेल्या जागी ग्रॅनाइटला तडा जातो. माझ्या ओळखीत दोन ओटे असे गेलेत. जमिनीवर त्या कोपऱ्यापुरती जाड शहाबादी फरशी बसवून घ्या.

आणि ज्वारी. दोन क्विंटल ज्वारीला साधारण दहा घनफूट लागतात, म्हणजे दोन फूट लांब, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच. वर हात घालायला जागा धरून तीन फूट उंचीची पत्र्याची कोठी करा. खाली दार, तेही जमिनीपासून फूटभर वर, म्हणजे डबा लावून धान्य घेता येतं आणि जुनं आधी संपतं. भरण्याआधी गच्चीवर दोन कडक उन्हं दाखवायची, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायचा. स्वयंपाकघरातच ठेवायची गरज नाही. वाफेपासून लांब असेल तर उलट चांगलं. तुमच्याकडं जिना आहे, जिन्याखालची जागा बघा.

नळाची_वेळ

पाण्याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा, मी मांडतो.

शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे आपल्याकडचं प्रमाण. सहा माणसांचे ८१० लिटर. पाच दिवसांचं अंतर धरलं तर ४०५० लिटर. हे पाणी घरात कुठंतरी असायलाच हवं. उजनी धरणाचं पाणी शंभर किलोमीटरहून लांबून नळाने येतं, मध्ये एखादा दिवस पुढं जातो, हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. काटकसर केली तरी तीन हजारांच्या खाली उतरू नका.

एवढी टाकी गच्चीवर ठेवायची कल्पना करू नका. हजार लिटरची टाकी भरली की तिचं वजन एक टन होतं. बांधणाऱ्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय स्लॅबच्या मधोमध दोन-तीन टाक्या उभ्या करणं धोक्याचं आहे. पार्किंगखाली हौद करा. सहा फूट लांब, पाच फूट रुंद, पाच फूट खोल म्हणजे दीडशे घनफूट. घनफुटाला २८.३ लिटर धरले तर सव्वाचार हजार लिटर बसतात. गच्चीवर फक्त हजारची एक, तीही खाली तुळई किंवा खांब असलेल्या जागी. हौदाचं झाकण गाडीच्या चाकाखाली येणार नाही असं बघा आणि त्याला कुलूप लावा, घरात लहान मुलं आहेत.

काळ्या मातीत हौद खणताना घाई नको. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या विटांच्या भिंतीला ती ढकलते. सळई घातलेलं काँक्रीटच करा.

स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याच्या पिंपासाठी ओट्याखाली दीड फूट रुंद जागा उघडी ठेवा, शटर नको. पाणी रात्री दीडला आलं तर झोपेत शटर उघडत कोण बसणार? नळाची एक तोटी थेट तिथं काढून घ्या, म्हणजे पाइप ओढत हॉलमधून न्यावा लागत नाही.

धोटा

सगळे उपयोगाचं लिहितायत, मी हॉलबद्दल लिहितो.

आमचं घर पूर्व भागात, साखर पेठेत. पद्मशाली, मातृभाषा तेलुगू. पुढची खोली बारा बाय बावीस फुटांची. खोली अशी लांब का, तर तिथं दोन खड्डामाग होते. घरी आम्ही मग्गम म्हणायचो. आजोबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे आणि धोटा डावीकडून उजवीकडं पळायचा. पुढं यंत्रमाग आले, काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलं आणि खोली रिकामी झाली. बरीच वर्षं तिथं सायकली आणि जुने ट्रंक होते. चार वर्षांपूर्वी तिचा हॉल केला.

सगळ्यांनी सांगितलं, दोन्ही खड्डे बुजवा. नायनांनी, म्हणजे वडिलांनी, एक बुजवू दिला, दुसऱ्याला नाही म्हणाले. तेव्हा मला ते पटलं नव्हतं. मग गवंड्याने खड्ड्याला आतून विटा लावल्या, ओल येऊ नये म्हणून लेप दिला, बाजूला हवेची जाळी काढली आणि वर जमिनीच्या पातळीला सागवानी झाकण बसवलं. आत पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. पाहुण्यांची सगळी अंथरुणं त्यात मावतात. वर्षातून दोनदा झाकण उघडून दिवसभर हवा देतो. आज घरात येणारा प्रत्येक माणूस त्या झाकणाबद्दल विचारतो आणि नायना उठून उघडून दाखवतात.

माळ्यावर जॅकार्डची जुनी कार्डं सापडली, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची, दोऱ्यानं एकमेकांना ओवलेली. चादरीवरची नक्षी या भोकांतच असते. जिथं भोक आहे तिथला दोरा उचलला जातो. त्यातली एक माळ आम्ही हॉल आणि जेवणाच्या जागेमध्ये छतापासून सोडली. सकाळी पूर्वेचं ऊन त्या भोकांतून जमिनीवर पडतं. ही नक्षी कुठल्या चादरीची होती ते आता कुणालाच आठवत नाही, पण उजेड अजून तिच्याच मापानं येतो.

पारिजातताई, तुमच्याकडं माग नव्हता, पण चादर तर आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि आपण ती फक्त पांघरतो. पलंगाच्या डोक्याकडं फोम आणि रेग्झिनची उशी ठोकण्याऐवजी प्लायच्या फळीवर चादर ताणून लावा. खिळ्यांनी ठोकू नका, मागं वेलक्रोच्या पट्ट्या लावा, म्हणजे काढून धुता येईल. आपल्याकडं धूळ किती असते ते वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना नक्षी असते आणि रंग उलटे दिसतात, म्हणून सहा महिन्यांनी पालटली की खोली बदलल्यासारखी वाटते. सोफ्यावर, दिवाणावर, खिडकीच्या कट्ट्यावर तर लागतेच. फक्त विणणाऱ्याकडून किंवा खात्रीच्या दुकानातून घ्या. सोलापुरी म्हणून बाहेरच्या नकला सर्रास विकल्या जातात. त्या चार धुण्यांत विटतात, आणि इथं यंत्रमागावर उभं राहणाऱ्याच्या हातात त्यातलं काहीच पडत नाही.

पारिजात_जुळे

धोटा अण्णा, हे वाचून मी सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी तरुणपणी गिरणीत काम केलंय. बराच वेळ बोलत होते.

चौथामजला

छताबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा आहे. होटगी रोडला चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट. सगळे पीओपीला नावं ठेवतात, पण आम्ही दोन्ही बेडरूमना खोटं छत केलं आणि मे महिन्यात फरक स्पष्ट जाणवला. जिप्समची फळी, आणि तिच्यावर ग्लासवूलचा दोन इंचांचा थर. सोसायटी गच्चीला हात लावू देत नव्हती, तेव्हा आमच्यापुढं दुसरा मार्गच नव्हता.

रंधा

चौथामजला, तुमचं बरोबर आहे आणि तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण तो फरक ग्लासवूलनं पडला. नुसतं पीओपी करून त्यात दिव्यांसाठी खाचा पाडल्या तर धग थोडी अडते, पण उंची जाते. साडेनऊ फुटांच्या खोलीत आठ-नऊ इंच छत खाली आलं की पंखा डोक्यावर येतो. पात्यांची उंची जमिनीपासून साडेसात-आठ फूट तरी हवी. पलंगावर उभी राहून मुलं उड्या मारतात, हे विसरू नका.

पारिजातताईंची गच्ची स्वतःची आहे, म्हणून त्यांनी वरूनच इलाज करावा. हॉलमध्ये हौस म्हणून कडेनं फूटभर पट्टा केला तर माझी ना नाही.

प्लायचं सांगायचं राहिलं. सिंकखाली आणि ओट्याखाली पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूपी प्लाय, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेला. कोरड्या खोल्यांत आयएस ३०३ चालतो. शिक्का स्वतः बघा, फळी कापायच्या आधी. गेल्या वर्षी माझ्याकडं एक स्वयंपाकघर दुरुस्तीला आलं, दीड वर्षाचंच होतं. सिंकखालची फळी हातानं कुस्करली जात होती. त्या ताईंनी पैसे चांगल्या मालाचे दिले होते. मला फार वाईट वाटलं.

माळवद

मी वयानं मोठा आहे, म्हणून जुनं थोडं सांगतो. आमचं वैरागकडचं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच हात रुंद मातीच्या भिंती, वर सागवानी तुळया, त्यावर कडीपाट आणि पांढऱ्या मातीचा थर. घर मोजायचं ते खणांत, म्हणजे दोन तुळयांमधल्या जागेत. आमचं आठ खणांचं. बाहेर अंग भाजत असलं तरी सोप्यात बसलं की घोंगडीवर झोप लागायची. माळवदाला मधोमध सवणं असायचं, उजेड आत यायला आणि चुलीचा धूर, गरम हवा वर जायला.

तशी भिंत आता परवडत नाही. पण सवणं परवडतं. तुमच्या रो-हाऊसला जिना गच्चीपर्यंत जातो. जिन्याच्या माथ्याच्या खोलीला वरच्या बाजूला जाळी आणि उघड-झाप होणाऱ्या पट्ट्या बसवा. खालची गरम हवा जिन्यातून वर चढते आणि तिथून निघून जाते, अट एकच की संध्याकाळी खालच्या खिडक्या उघड्या पाहिजेत. दुपारी मात्र सगळं बंद. आमची आई अकराला खिडक्या लावायची आणि उन्हं उतरली की उघडायची. हे ज्या घरात पाळतात तिथं आजही कूलर उशिरा लागतो.

घर पाडलं तेव्हा मी दोन खांब आणि दाराची चौकट आणली. चौकट देवघराला लावली, खांब हॉलमध्ये नुसते उभे आहेत, त्यांच्यावर भार काही नाही. जुन्या लाकडाला आत वाळवी नाही ना, हे मात्र सुताराकडून ठोकून बघून घ्या. कोनाडे हवे असतील तर नऊ इंची भिंतीतच करा. साडेचार इंचीत खोदलं तर पलीकडचं प्लास्टर सुटतं, आणि आरसीसीच्या खांबाला तर छिन्नी लावायचीच नाही.

कूलर_की_एसी

छोटासा मुद्दा. मार्च ते मे हवा कोरडी असते, तेव्हा आपल्याकडं कूलर खरंच काम करतो. पण त्याच्यासमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. पाऊस सुरू झाला की तो बंदच. शिवाय मोठा कूलर एका रात्रीत टाकी संपवतो, तेव्हा वरच्या पाण्याच्या हिशेबात तोही धरा. पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा बांबूची चिक बाहेरून लावा. आतून लावलेला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते.

घरकुल_कुंभारी

मला विचारावं की नको असं वाटत होतं, कारण इथं सगळे दोन मजल्यांबद्दल बोलतायत. आम्ही कुंभारीला गोदूताई घरकुलात राहतो, दहा हजार घरांची विडी कामगारांची वसाहत आहे ती. घर लहान. आई विड्या वळते, मी कॉलेजला आहे, धाकटा भाऊ शाळेत. आईचं सूप, तंबाखू, भिजवलेली पानं, कात्री, सगळं त्याच खोलीत जिथं आम्ही जेवतो आणि अभ्यास करतो. खर्च फार करता येणार नाही. काही सुचवाल का?

मालदांडी

बाळा, बरं केलंस विचारलंस. माझी आईसुद्धा विड्याच वळायची.

आधी तंबाखूची जागा ठरवा. दाराजवळ किंवा खिडकीखाली, जिथं उजेड आणि वारा दोन्ही आहे, आणि गॅसपासून सगळ्यात लांब. आईला मानेवर प्रकाश नको, हातावर हवा, म्हणून खिडकी तिच्या डाव्या हाताला येईल असं बसवा. पाठीला टेकायला भिंत आणि खाली जाडसर घडी. दिवसाला हजारभर विड्या वळणाऱ्या बाईची कंबर आधी जाते. तंबाखू उघड्या सुपात रात्रभर ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तो कोपरा ओल्या फडक्यानं पुसा, झाडून नका काढू, भुकटी उडते आणि धाकट्याच्या नाकात जाते.

रंधा

भिंतीला बिजागरीवर पडणारी फळी करून घ्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, जमिनीपासून २८ इंचांवर. अभ्यासाला उघडायची, नको तेव्हा भिंतीला सपाट. रात्री अंथरूण घालायला जागा मोकळी राहते. दारावर आणि खिडकीवर, साडेसहा-सात फुटांवर, खोलीच्या तिन्ही भिंतींना फूटभर रुंदीची फळी फिरवा. डबे, वह्या, चादरी सगळं वर जातं. माझ्या दुकानात कापून उरलेले प्लायचे तुकडे असतात, तुमच्या दोन्ही फळ्या त्यात निघतील. मला इथं वैयक्तिक निरोप पाठवा, मजुरीचं बघू नका.

घरकुल_कुंभारी

निरोप पाठवला दादा. खूप आभार. आईला मालदांडी मावशींचं वाचून दाखवलं, ती आजच खिडकीकडं सरकली.

क्षारांचे_डाग

न्हाणीघराबद्दल कुणीच बोललं नाही. बोअरचं पाणी वापरणार असाल तर काळ्या, चकचकीत टाइल अजिबात नकोत. आमच्या शेळगीच्या घरात मोठ्या हौसेनं लावल्या आणि महिन्याभरात त्यांच्यावर पांढरे ओघळ आले. फिकट, खरखरीत टाइल घ्या. डाग दिसत नाहीत आणि पायही घसरत नाही. डाग काढायला लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं, पण ते शहाबादी, कडप्पा किंवा संगमरवरावर टाकू नका. हे चुनखडीचे दगड आहेत, आंबट लागलं की पृष्ठभाग खातो.

सासू-सासऱ्यांच्या न्हाणीघरात भिंत बांधतानाच कमोडच्या बाजूला आणि नळाजवळ धरायचे दांडे पक्के बसवून घ्या. नंतर टाइलला भोकं पाडून लावलेले सैल होतात. उंबरठा काढा, उतार दहा फुटांना दीड इंच ठेवा. माझे वडील पडल्यानंतर आम्ही हे केलं. आधी करायला हवं होतं.

समई

देवघर जिन्याखाली करू नका एवढंच सांगते, घरातल्या मोठ्यांना ते आवडत नाही, आणि तिथं समईची धग वर जायला वाट नसते. बसून पूजा होत असेल तर पुढं तीन फूट मोकळी जागा धरा. समईच्या मागच्या भिंतीला प्लायऐवजी दगडाची पाटी, म्हणजे काजळी पुसता येते. आमच्याकडं सासरे इष्टलिंगाची पूजा करतात, त्यांना शांत कोपरा आणि पाठीमागं येणं-जाणं नसलेली जागा लागते. हे घराघराचं वेगळं असतं, आधी विचारून घ्या.

पारिजात_जुळे

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हा धागा घरात सगळे मिळून वाचतोय. जे ठरलं ते लिहिते, चुकत असेल तर टोका.

टीव्हीमागचं पॅनल आणि वरच्या खोल्यांचं पीओपी रद्द. त्या पैशात गच्चीचं चायना मोझॅइक आणि पार्किंगखालचा हौद होतोय. इंजिनिअर येऊन माती बघून गेले, काँक्रीटचाच करायचा म्हणाले. मुलांच्या खोलीत पश्चिमेला कपाट, पलंग आतल्या भिंतीला, अभ्यासाचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी. जिन्याच्या माथ्याला माळवदकाकांनी सांगितलेल्या पट्ट्या. हॉलमध्ये मोठ्या सोफ्याऐवजी दोन लांब दिवाण, खाली अंथरुणांची जागा, वर चादरी. गड्ड्याला आलेली माणसं त्यावर आणि खाली मिळून आरामात झोपतील. आमच्या पलंगाच्या डोक्याला चादर लावायची हे सासऱ्यांनी स्वतः मनावर घेतलंय, उद्या ते साखर पेठेत जाऊन निवडणार आहेत.

ओट्याचा खाली घेतलेला तुकडा सासूबाईंच्या उंचीवर ठरवला. खुर्च्या रचून त्यावर परात ठेवली आणि खरोखर पीठ मळून तीन उंचींवर भाकरी थापून बघितली. त्यांना २६ इंच बरोबर वाटले, तेच करतोय. कोठी जिन्याखाली. एकच शंका आहे. जिन्याखालच्या भिंतीपलीकडं न्हाणीघर येतं. ओल लागेल का?

रंधा

लागू शकते. कोठी त्या भिंतीपासून वीतभर पुढं ओढा आणि खाली चार इंचांचा विटांचा कट्टा करा. न्हाणीघराच्या बाजूनं टाइलखाली वॉटरप्रूफिंग चार फुटांपर्यंत चढवायला गवंड्याला आत्ताच सांगा, टाइल बसल्यावर सांगून उपयोग नाही. आणि भिंतीला पावसाळा बघू द्या. रंगाचा शेवटचा हात दसऱ्याच्या पुढं, तोवर काळ्या मातीनं जिथं बारीक भेगा पाडायच्या तिथं पाडलेल्या असतात, त्या भरून मग रंगवा.

पारिजात_जुळे

गवंड्याला फोन केला. उद्या सकाळी येतोय.